नीलगिरीचं माहेर



येताना पिशवीतून दोन डहाळ्या आणल्यात. एक नीलगिरीची, दुसरी जांभळाची. पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत त्या फिरू द्या. प्रत्येकानं एकेक पान तोडून घ्या, त्यासाठीच त्या आणल्यात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमलोय, ते फळ्यावर झाडाचं चित्र काढण्यापेक्षा मुलांना ओढ्यावर घेऊन जात, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलंय. आता रात्रीचं आपल्याला ओढ्यावर जाता येणार नाही, म्हणून डहाळीच इथं आणली.

पान दिव्यासमोर धरा. सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. नीलगिरीच्या पानात त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, जांभळाच्या पानाला भिंग लागेल. आता पानाची कड बघा. दोन्ही पानांत काठाला लागून एक शीर गेलेली आहे, बांधाला लागून पाट जावा तशी. मग पान चुरगाळा आणि वास घ्या. नीलगिरीचा वास सांगायला नको. सर्दी झाल्यावर आईनं रुमालावर टाकलेले दोन थेंब सगळ्यांना आठवतील. जांभळाच्या पानाचा वास मंद आहे, पण त्याच घराण्यातला आहे.

ही दोन झाडं एकमेकांची भाऊबंद आहेत. वनस्पतिशास्त्रात या कुळाला मिर्टेसी म्हणतात, मराठीत जंबुल कुल. पेरू आणि लवंगही याच कुळातली. ज्या झाडाला आपण परकं म्हणतो त्याच्या कुळाचं मराठी नाव आपल्या ओढ्यावरच्या झाडावरून पडलंय, ही गोष्ट मला विद्यार्थी असताना कळली आणि तेव्हापासून या दोन झाडांकडे मी वेगवेगळं बघूच शकलो नाही.

संयोजकांनी विषय दिला नीलगिरीचा. फोनवर त्यांनी विचारलंही, की सर, तुम्ही तिच्या बाजूनं बोलणार की विरोधात? मी म्हटलं, तिच्या माहेराबद्दल बोलतो. सून कशी आहे याची चर्चा गावात चाळीस वर्षं चाललीय. ती कुठल्या घरातून आली, तिथं कशी राहत होती, हे कुणी विचारलेलंच नाही.

नावापासूनच सुरुवात करू. नीलगिरी हे काही त्या झाडाचं नाव नव्हे, ते तमिळनाडूतल्या डोंगरांचं नाव. उटकमंडला गोऱ्या साहेबांची वस्ती वाढली, थंडीत जाळायला लाकूड पुरेना, तेव्हा 1843 च्या सुमारास तिथं टास्मानियातली ब्लू गम लावायला सुरुवात झाली. तिच्या पानांचं तेल निघू लागलं, बाटलीवर डोंगराचं नाव आलं आणि बाटलीवरचं नाव झाडाला चिकटलं. त्याही आधी, 1790 च्या सुमारास टिपू सुलतानानं नंदी टेकडीवरच्या बागेत या झाडाच्या काही जाती लावल्या, असं आपल्या वनशास्त्राच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं. कर्नाटकातून आपल्याकडे आलेली, जिला 'म्हैसूर गम' म्हणत, ती त्याच झाडांच्या वंशातली. आपल्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. 1708 साली धनाजीराव इथं निवर्तले, तेव्हा सबंध हिंदुस्थानात नीलगिरीचं एकही झाड नव्हतं. वारणेला मिळणाऱ्या ओढ्यांवर जांभळं मात्र होतीच.

आता माहेराकडे जाऊ. नीलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या. तिमोर, न्यू गिनी, फिलिपाइन्सकडे थोड्या आहेत, बस्स. 1777 साली कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत टास्मानियाच्या किनाऱ्यावर डेव्हिड नेल्सन नावाच्या माळ्यानं एक फांदी तोडून वाळवली. ती लंडनला गेली आणि 1788 साली लेरिटिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिच्यावरून 'युकॅलिप्टस' हे नाव ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नीट झाकलेली. काय झाकलंय? कळी. नीलगिरीच्या कळीला पाकळ्या अशा दिसत नाहीत, वर एक टोपी असते. फूल उमलायची वेळ झाली की ती टोपी सुटून खाली पडते आणि आतून केसरांचा झुबका बाहेर येतो.

हे बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. मार्च-एप्रिलात सकाळी लवकर फुललेल्या जांभळाखाली जा. जमिनीवर पांढुरके केसर पसरलेले असतात आणि त्यांत फुटाण्याच्या सालीहून लहान, पातळ, गोल चकत्या दिसतात. एक उचलून नखावर घ्या. जांभळाच्या फुलाच्या चारही पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांची टोपी बनते आणि ती अशीच अखंड गळून पडते. हजारो मैलांवरच्या भाऊबंदाची खूण आपल्या ओढ्यावर दर चैत्रात गळते. मी पन्नाशीच्या जवळ आलो तेव्हा ती पहिल्यांदा नखावर घेतली, याची मला खंत वाटते. इतकी वर्षं मी ते पुस्तकातून शिकवत होतो.

आपल्या पठारी मुलखात जी नीलगिरी दिसते ती मुख्यतः दोन जातींची, किंवा त्यांच्या संकराची. एक टेरेटिकॉर्निस, दुसरी कमाल्डुलेन्सिस. पहिली पूर्व ऑस्ट्रेलियापासून न्यू गिनीपर्यंत वाढते. दुसरीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तिची गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला लवकर समजेल. तिकडे तिला 'रिव्हर रेड गम' म्हणतात. लाकूड तांबडं आणि राहणं नदीकाठी, म्हणून. शास्त्रीय नावाची गंमत अशी की इटलीत नेपल्सजवळच्या कमाल्डोलीच्या बागेत वाढलेल्या झाडावरून 1832 साली ते दिलं गेलं. म्हणजे या बिचारीचं शास्त्रीय नावही सासरचंच.

हे झाड पुराच्या पाण्यावर जगतं. ऑस्ट्रेलियातली मोठी नदी मरे. तिच्या काठावर बार्मा नावाचं जंगल आहे, तांबड्या गमच्या सर्वांत मोठ्या जंगलाचा तो भाग. तिकडच्या डोंगरांवर हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ पडतं. ते वितळलं की वसंतात नदी पात्र सोडते आणि जंगलात शिरते. महिनोन्महिने खोडं पाण्यात उभी असतात. पाणी ओसरतं आणि मागं ओला गाळ राहतो. त्या गाळावर या झाडाचं बी रुजतं. पूर आला नाही तर रोपं होत नाहीत. आलेल्या रोपांनी पुढच्या उन्हाळ्याआधी मुळं खोल नेली नाहीत तर ती मरतात.

आपण 2019 चा पूर पाहिला, 2021 चा पाहिला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, या गावातून कोल्हापूरला जायची वाट बंद होती. आपल्याला पूर म्हटलं की छातीत धस्स होतं, आणि ते बरोबरच आहे, घरं बुडाली आपली. पण बार्मातलं झाड पुराची वाट बघत उभं असतं. 1936 साली त्या नदीवर वरच्या अंगाला ह्यूम धरण पुरं झालं. शेतीला उन्हाळ्यात पाणी सोडू लागले आणि वसंतातला पूर धरणात अडला. नदीचं वेळापत्रक उलटं झालं. तेव्हापासून त्या जंगलात पुरेसे पूर येत नाहीत आणि मोठमोठी झाडं शेंड्याकडून वाळताना तिथल्या लोकांनी पाहिली. आता तिकडची सरकारं धरणातून मुद्दाम जंगलासाठी पाणी राखून सोडतात. जिला आपण पाणी पिणारी म्हणून नावं ठेवतो ती माहेरी पाण्यावाचून वाळतेय, हे ऐकून आपल्याला वाईट वाटायला हवं. मला वाटतं.

त्या जंगलातल्या जुन्या खोडांवर उभट, लांब व्रण दिसतात. नदीकाठचे मूळ रहिवासी यॉर्टा यॉर्टा. त्यांनी होडीसाठी खोडाची साल एका अखंड पत्र्यासारखी सोलून काढल्याच्या त्या खुणा. साल काढली पण झाड मारलं नाही. व्रणाच्या कडा भरत आल्या आणि झाड वाढत राहिलं. नदीत उन्मळून पडलेल्या खोडांच्या आडोशाला मरे कॉड हा मोठा मासा राहतो. आणि वर, फांदी मोडून पडलेल्या ढोलीत, पोपट अंडी घालतात. अशी ढोली तयार व्हायला झाडाचं वय शंभर-सव्वाशे वर्षं व्हावं लागतं. हा आकडा कृपया लक्षात ठेवा. मी परत त्याच्याकडे येणार आहे.

दुसरी गोष्ट आगीची. ऑस्ट्रेलियाचा मुलूख कोरडा, जमीन कसदार नाही आणि उन्हाळ्यात वणवे ठरलेले. या झाडांच्या किती तरी जातींच्या बुंध्याशी, जमिनीलगत, गाठीसारखा फुगवटा असतो. त्यात झोपलेले डोळे असतात. वर सगळं जळून कोळसा झालं तरी पावसाबरोबर त्या डोळ्यांतून धुमारे फुटतात. आता आपल्याकडचा व्यवहार आठवा. नीलगिरी तोडली की बुडख्यातून चार-सहा फुटवे येतात, त्यांतले दोन ठेवून बाकीचे काढतात आणि सहा-सात वर्षांनी पुन्हा तोड होते. उसाचा खोडवा धरतो तसा आपण नीलगिरीचाही खोडवा धरतो. हा खोडवा तिला वणव्यांनी शिकवलाय. लक्षावधी वर्षं जळून ती जे शिकली त्यावर आपल्या वखारी चालतात.

सावली देत नाही, ही तिच्याबद्दलची जुनी तक्रार. तिची पानं बघा, कोयत्यासारखी वाकडी आणि उभी लोंबणारी. दुपारचं ऊन पानावर सपाट पडू नये, पाणी कमी उडावं, म्हणून ती उभी धरलेली असतात. कोरड्या मुलखातलं ते शहाणपण. माणसाला तिच्याखाली बसता येत नाही हे खरं, पण तिनं पान आपल्यासाठी तसं वळवलेलं नाही.

मग इकडे काय झालं? मी माझ्या घरचंच सांगतो. 1982 साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला, त्या काळात गावोगाव रोपं वाटली जात होती. वडिलांनी बांधावर दोनशे नीलगिरी लावल्या. गुरं तोंड लावत नाहीत, राखण नको, सरळसोट वाढते. सात-आठ वर्षांत वखारवाला दारात आला, नगावर सौदा ठरला आणि सेंट्रिंगच्या वाश्यांसाठी सगळी झाडं गेली. त्या पैशांतून माझं एम.एस्सी. झालं. मी आज वनस्पतिशास्त्राचा माणूस म्हणून तुमच्यासमोर उभा आहे तो नीलगिरीमुळे. हे मी विसरलेलो नाही आणि तिला शिव्या देणाऱ्यांत सामीलही होणार नाही. पण बांधालगतच्या तीन सऱ्यांतला ऊस कायम खुरटा राहायचा, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. आई म्हणायची, या झाडावर चिमणीसुद्धा घरटं करत नाही. मी तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं.

शेजारच्या कर्नाटकात हा वाद जास्त पेटला. 1983 साली तुमकूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेतली नीलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी चिंचेच्या आणि आंब्याच्या बिया लावल्या. पुढं 2017 साली त्या राज्याच्या सरकारनं नव्या लागवडीवर बंदीच घातली. शास्त्रज्ञांनीही मोजमापं केली. इयन काल्डर यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकात जे काम केलं त्यात असं आढळलं की उथळ जमिनीत नीलगिरीचं पाणी पिणं तिथल्या देशी पानगळीच्या जंगलाइतकंच होतं. पण होसकोटेजवळच्या खोल मातीत तिनं पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी उचललं, कारण मुळं खाली खाली जात साठवणीपर्यंत पोचली होती. नीलगिरी डोंगरात ग्लेनमॉर्गनला गवताळ माळ आणि शोला जंगल असलेल्या पाणलोटात ब्लू गम लावून वर्षानुवर्षं ओढ्याचं पाणी मोजलं गेलं. पहिल्या फेरीत पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटलं, खोडव्याच्या फेरीत सुमारे 25 टक्क्यांनी.

म्हणजे नीलगिरी पाणी पिते का, याला एकच उत्तर नाही. कुठल्या मातीत, किती दाट, कशाच्या जागी लावली, त्यावर ते आहे. आणि वडगाव पट्ट्यात बसून हे बोलताना आणखी एक सांगितलं पाहिजे. ज्या शिवारात उसाला पाटानं पाणी चालतं तिथं भूजल खाली गेल्याचा सगळा दोष बांधावरच्या चार नीलगिरींवर टाकणं मला न्यायाचं वाटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मघाचा सव्वाशे वर्षांचा आकडा आठवा. ढोली पडायला तेवढं वय लागतं. आपण तिला सात-आठ वर्षांत तोडतो. म्हणजे आपण या झाडाचं म्हातारपण सोडाच, भर तारुण्यसुद्धा पाहिलेलं नाही. तिच्या माहेरी अस्वलासारखा दिसणारा कोआला तिची पानं खातो, मध पिणारे पक्षी तिच्या फुलांवर येतात, पोपट ढोलीत राहतात, मासा तिच्या पडक्या खोडाखाली राहतो. हे सगळं गोत तिथंच राहिलं. इकडे आली ती एकटी बी. तिच्या पानावर जगणारी कीड इथं फारशी नव्हती, म्हणून पाखरंही नव्हती. आईचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. याच गावच्या विजयसिंह यादव महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेले डॉ. मधुकर बाचूळकर परदेशी झाडांच्या सरसकट लागवडीबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आणि बोलत आलेत. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, नीलगिरी यांनी डोंगर हिरवे दिसतात, पण त्या हिरव्यात वस्ती नसते. त्यांच्या गावात उभं राहून मी ते पुन्हा सांगतोय, एवढंच.

शेवटी, त्या दुसऱ्या डहाळीकडे येतो. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा या बाजूला गेलात की सह्याद्रीच्या माथ्यावर बुटकं, दाट, सदाहरित जंगल लागतं. वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तर सह्याद्रीतल्या या जंगलाला तीन झाडांच्या नावानं ओळखतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. म्हणजे जसं ऑस्ट्रेलियात गमचं राज्य, तसं आपल्या माथ्यावर त्याच कुळातल्या जांभळाचं. आणि इथं ते एकटं नाही, त्याचं गोत त्याच्यासोबत आहे. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आज मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. सह्याद्रीतल्या सातेरी माशीला मार्च-एप्रिलात जांभळाचा फुलोरा मोठा आधार असतो. पुढं फळं पिकली की वानरं, वटवाघळं, बुलबुल, कोकीळ आणि शाळेतून येणारी पोरं. जिभा जांभळ्या करून घरी गेलेल्यांपैकी निम्मे तरी या सभागृहात बसलेत.

पूजेच्या संकल्पात आपण आपला पत्ता सांगतो तेव्हा जंबुद्वीप म्हणतो. जांभळाचं बेट. शाहीर विठ्ठल उमपांनी 'जांभूळ आख्यान' गावोगाव नेलं, त्यात द्रौपदीच्या मनातलं गुपित एका तोडलेल्या जांभळामुळे उघडं पडतं. पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण वडगावच्या शिवारातले ओढे गेल्या तीस-चाळीस वर्षांत सरळ केले गेले, काठ उसाखाली गेले आणि काठावरची जांभळं पहिल्यांदा गेली. जांभळाची जागा ओढ्याचा काठच आहे. पाण्यात पाय ठेवून उभं राहणारं झाड ते, त्याचं लाकूडही पाण्यात लवकर कुजत नाही. बार्मात तांबड्या गमचं जे नदीशी नातं आहे, ते इथं जांभळाचं ओढ्याशी. तिकडे धरणानं ते तुटलं, इकडे जेसीबीनं.

म्हणून नीलगिरी उपटा असं मी सांगायला आलेलो नाही. ज्याच्या बांधावर आहे त्याला तिचे पैसे होऊ द्या, त्या पैशांतून एखादं पोर शिकेल, मी शिकलो तसं. पण डोंगर आणि ओढे, म्हणजे जी जमीन कुणा एकाची नाही, तिथं पुन्हा परदेशी रोपांचे खड्डे काढू नका. तिथं जांभूळ लावा, अंजनी लावा, करंज लावा. त्यासाठी नर्सरीची किंवा कुठल्या योजनेची वाट बघायला नको. जूनमध्ये वडगावच्या बाजारात टोपल्यांतून जांभळं येतील. खाऊन झाल्यावर बिया फेकू नका, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि पहिल्या पावसात आपापल्या ओढ्याच्या काठाला दोन बोटं खोल टोचा. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं येतात, त्यांतलं जोमदार तेवढं राखा. मात्र हे आठवडाभरात करा. जांभळाचं बी वाळलं की मरतं, दोन आठवड्यांनी ते सहसा उगवत नाही.